झुआरी ॲग्रोचा गोव्यातील कारखाना विकल्यानंतर भागधारकाच्या हाती काय उरते?

दादरची वाचक (6 मार्च 2021)

नमस्कार. वडिलांनी पुष्कळ वर्षांपूर्वी घेतलेले झुआरी इंडस्ट्रीजचे समभाग माझ्याकडे वारशाने आले आणि त्या कंपनीच्या विभाजनात मिळालेले झुआरी ॲग्रो केमिकल्सचे समभागही त्यांच्याबरोबर आले. 1 मार्चला कंपनीने गोव्यातील खतकारखाना पारादीप फॉस्फेट्स या कंपनीला विकण्याचा करार केला असून त्याचे मूल्य 28 कोटी डॉलर, म्हणजे सुमारे 2,050 कोटी रुपये ठरले आहे, असे वाचले. आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की कारखानाच विकला तर कंपनी म्हणून काही उरत नाही, तेव्हा मिळेल त्या भावाला बाहेर पडावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की एवढी रक्कम आल्यावर कर्ज फिटेल आणि भाव वर जाईल. मला भावाच्या भविष्यवाणीपेक्षा हे समजून घ्यायचे आहे की हा व्यवहार झाल्यावर माझ्या समभागामागे नेमके काय असेल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लाभांशवादी (6 मार्च 2021)

ताई, चांगला धागा काढलात. माझ्याकडेही हे समभाग आहेत आणि भाव पडत असताना मी त्यांत भर घातलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझे मत कोणत्या बाजूचे आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

2017-18 मध्ये हाच समभाग पाचशे रुपयांच्या वर होता आणि मागच्या मार्चमध्ये तो शंभराच्याही खाली गेला. एवढी घसरण होताना बाजाराने फक्त गोव्यातील तोटा पाहिला. या कंपनीच्या पोटात काय आहे हे कोणी पाहिले नाही. मंगलोर केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये आपल्या कंपनीचा 54 टक्के हिस्सा आहे. झुआरी मारॉक फॉस्फेट्स या कंपनीत आपण आणि मोरोक्कोची सरकारी कंपनी ओसीपी निम्मे-निम्मे भागीदार आहोत, आणि त्या झुआरी मारॉककडे पारादीप फॉस्फेट्सचा 80.45 टक्के हिस्सा आहे. उरलेला 19.55 टक्के केंद्र सरकारकडे आहे. म्हणजे ज्या कंपनीला आपण कारखाना विकतो आहोत, तिच्यात अप्रत्यक्षपणे आपलाच 40 टक्के वाटा आहे. कारखाना परक्याच्या हाती जात नसून एका खिशातून निघून मोठ्या भागाने दुसऱ्या खिशात जातो आहे, आणि मधल्या मध्ये कर्जाचा बोजा उतरतो आहे. यात घाबरण्यासारखे काय आहे, हे मला खरोखर समजत नाही.

ताळेबंद (7 मार्च 2021)

लाभांशवादी यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे अशा व्यवहाराकडे मी धनकोच्या नजरेने पाहतो आणि सामान्य भागधारकानेही काही वेळ तसे पाहावे, असे सुचवतो.

पहिली गोष्ट 28 कोटी डॉलरची. ही रक्कम ‘एंटरप्राइज व्हॅल्यू’ म्हणून जाहीर झाली आहे. याचा अर्थ, कारखान्याबरोबर जी देणी खरेदीदार आपल्या अंगावर घेईल ती या रकमेतून वजा होतील, आणि वजाबाकीनंतर जे उरेल तेवढेच रोख स्वरूपात कंपनीच्या खात्यात येईल. आलेली रोकडही आधी बँकांकडे जाईल, कारण कारखाना त्यांच्याकडे तारण आहे आणि त्यांच्या संमतीवाचून तो विकताच येत नाही. तेव्हा ‘दोन हजार कोटी आले’ असे म्हणून त्याला आपल्या समभागांच्या संख्येने भागणे हा हिशेबच नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या वर्षीच्या वार्षिक अहवालाची. लेखापरीक्षकांनी त्यात कंपनी चालू व्यवसाय म्हणून टिकून राहण्याच्या क्षमतेबद्दल गंभीर अनिश्चितता नोंदवलेली आहे. ही नोंद औपचारिकता म्हणून कोणी लिहीत नाही. जिच्याबद्दल असा शेरा आला आहे ती कंपनी विक्रीला बसते, तेव्हा सौद्यात तिची बाजू दुबळी असते. म्हणूनच मला पडणारा प्रश्न भाव वर जाईल की खाली, हा नसून कारखान्याची किंमत कोणी ठरवली, कशावरून ठरवली आणि ती ठरवताना अल्पसंख्य भागधारकाच्या बाजूने कोण बसले होते, हा आहे. विकणारा आणि घेणारा एकाच समूहातले असतील तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

कृष्णाकाठ (7 मार्च 2021)

माझे कृषी सेवा केंद्र आहे आणि आमच्या भागात ऊस हे मुख्य पीक. वरची चर्चा ताळेबंदाची चालली आहे, म्हणून हे दुखणे कोठून सुरू झाले ते दुकानाच्या बाजूने मांडतो.

‘जय किसान’ या झुआरीच्या नाममुद्रेचे दहा-सव्वीस-सव्वीस हे मिश्रखत आमच्याकडे उसाच्या लागणीला आणि मोठ्या बांधणीला लोक नाव घेऊन मागत. खत चांगले होते, त्याबद्दल आजही कोणाची तक्रार नाही. पण शेतकऱ्याला डोस त्या आठवड्यात द्यायचा असतो. 2019 नंतर या कंपनीचा माल हंगामात वेळेवर मिळेनासा झाला. रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागणार असे सांगितले जायचे आणि तो लागत नसे. शेतकरी एक हंगाम वाट पाहतो, दुसऱ्या हंगामात दुसऱ्या कंपनीची गोणी घेऊन जातो आणि तिसऱ्या हंगामात त्याला पहिल्या कंपनीची आठवणही राहत नाही.

माल का येत नव्हता, तर कंपनीकडे खेळते भांडवल नव्हते. त्यामागे 2018 मध्ये देशभर लागू झालेली थेट लाभ हस्तांतराची पद्धत हे एक मोठे कारण आहे. पूर्वी माल जिल्ह्यात पोहोचला की अनुदानाचा बहुतेक भाग कंपनीला मिळत असे. आता शेतकरी दुकानात येतो, आधार क्रमांक सांगतो, ई-पॉस मशीनवर अंगठा लावतो, पावती निघते, आणि मगच त्या गोणीचे अनुदान कंपनीला मागता येते. माझ्या गोदामात जानेवारीत उतरलेली गोणी जूनमध्ये विकली गेली, तर मधले सगळे महिने कंपनीचे पैसे माझ्या गोदामातच पडून राहतात. त्यात 2018 चा पावसाळा कमी पडला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. विक्री मंदावली, अंगठे कमी लागले, अनुदान आणखी लांबले. ज्या कंपन्यांच्या मागे भक्कम बँका होत्या त्या तरल्या. ज्यांच्या डोक्यावर आधीच कर्ज होते त्यांचा कच्चा मालच बंद झाला.

वास्कोवाला (8 मार्च 2021)

कृष्णाकाठ यांनी लिहिलेले अगदी खरे आहे. मी झुआरीनगरापासून जवळ राहतो आणि आमच्या घरातील दोन पिढ्यांचा या कारखान्याशी संबंध आहे. 1973 च्या सुमारास बिर्ला आणि अमेरिकेची यू.एस. स्टील यांच्या भागीदारीतून तो सुरू झाला. अमोनिया, युरिया आणि मिश्रखतांचे दोन संयंत्र अशी त्याची रचना आहे. रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक आम्ल मुरगाव बंदरात उतरते, म्हणून मिश्रखतासाठी ही जागा उत्तम. पूर्वी युरिया नॅफ्थ्यापासून, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या द्रवापासून, होत असे, पुढे पाइपलाइनने गॅस आला.

हा कारखाना बंद पडला तो यंत्रे निकामी झाली म्हणून नव्हे, हे बाहेरच्या भागधारकांनी लक्षात घ्यावे. फॉस्फरिक आम्ल आयात करायला बँकेचे पतपत्र, म्हणजे विक्रेत्याला पैसे मिळण्याची हमी, लागते, आणि बँका ते उघडायला तयार नव्हत्या. काम जाणणारी माणसे पाळीवर येत होती, संयंत्र उभे होते, आणि कच्चा माल नव्हता. असा कारखाना पैसेवाल्या मालकाच्या हाती गेला तर तो काही महिन्यांत पूर्ण क्षमतेने चालू शकतो. म्हणून कामगाराच्या दृष्टीने मला ही विक्री योग्य वाटते. भागधारकाच्या दृष्टीने मात्र मनात एक शंका आहे. अडचणीच्या काळात आपण तोटा सोसला, आणि कारखाना चालायला लागेल तेव्हा त्याचा नफा पूर्णपणे आपला नसेल.

आणखी एक गोष्ट जमिनीची. कारखान्याच्या परिसरातील जमीन मुळात सांकवाळच्या कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमीनसंस्थेची, होती आणि तिच्या वापरावरून गोव्यात वाद झालेले आहेत. या विक्रीत कोणती जमीन पारादीपकडे जाते आणि कोणती आपल्याकडे राहते, हे कराराच्या कागदांत पाहून कोणी सांगू शकले तर बरे होईल.

लाभांशवादी (8 मार्च 2021)

वास्कोवाला यांच्या पोस्टमुळे माझीच बाजू बळकट होते. यंत्रे शाबूत आहेत, कमतरता पैशाची होती, आणि पैसा आता येतो आहे. मागच्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने खतांच्या अनुदानासाठी 65,000 कोटी रुपयांची जादा तरतूद केली. वर्षानुवर्षे साचलेली थकबाकी त्यातून भरून निघत आहे, आणि सगळ्या खतकंपन्यांचे कर्ज खाली येणार आहे. दुसरे असे की 5 जानेवारीला कोची-मंगळुरू गॅस पाइपलाइनचे उद्घाटन झाले. मंगलोर केमिकल्सचा पणंबूरचा कारखाना आजवर महागड्या नॅफ्थ्यावर युरिया करीत होता, तो आता गॅसवर चालेल. म्हणजे ज्या कंपनीत आपला 54 टक्के हिस्सा आहे तिची परिस्थिती सुधारते आहे.

यात मी एक साधा हिशेब मांडतो. मंगलोर केमिकल्सचे एकूण समभाग सुमारे 11.85 कोटी, त्यांतील आपल्या कंपनीकडे सुमारे 6.4 कोटी. आपल्या कंपनीचे एकूण समभाग 4.2 कोटी. म्हणजे झुआरीचा एक समभाग घेणाऱ्याला मंगलोर केमिकल्सचे दीड समभाग आपोआप मिळतात, आणि पारादीपमधील वाटा वेगळाच. गोव्याचा कारखाना फुकट गेला असे धरले तरी मला हा समभाग स्वस्त वाटतो.

ताळेबंद (9 मार्च 2021)

‘आपोआप मिळतात’ या शब्दांना माझा तीव्र आक्षेप आहे. ते समभाग कंपनीला मिळालेले आहेत, आपल्याला नव्हे. कंपनी ते विकून पैसे आपल्यात वाटणार असेल, किंवा त्यांच्यावर मिळालेला लाभांश पुढे आपल्याला देणार असेल, तरच त्यांचे मूल्य आपल्यापर्यंत पोहोचते. ते समभाग कर्जासाठी तारण ठेवलेले असतील तर त्यांच्यावर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा. म्हणूनच ज्या कंपनीकडे स्वतःचा कारखाना नाही आणि केवळ इतर कंपन्यांचे समभाग आहेत, तिला बाजार त्या समभागांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी किंमत देतो. तो बाजाराचा अडाणीपणा नसून अनुभव आहे, आणि हे अंतर दहा-दहा वर्षे तसेच राहिल्याची उदाहरणे आपल्या बाजारात कमी नाहीत.

आता मंगलोर केमिकल्सविषयी. तो हिस्सा कसा आला याचा इतिहास आठवून पाहावा, कारण माझ्या मते आजच्या संकटाचे मूळ तेथेच आहे. त्या कंपनीवर त्या वेळी विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाचे नियंत्रण होते. 2013 च्या जुलैमध्ये पुण्याच्या दीपक फर्टिलायझर्सने बाजारातून जवळजवळ चोवीस टक्के समभाग एका झटक्यात घेतले. तेव्हा झुआरी यूबी समूहाच्या बाजूने उतरली, आणि 2014 मध्ये दोघांनी एकमेकांवर कुरघोडी करत खुले देकार, म्हणजे इतर भागधारकांचे समभाग जाहीर भावाने घेण्याचे प्रस्ताव, वाढवत नेले. साठीच्या घरातला भाव नव्वदीच्या पुढे गेला. 2015 मध्ये झुआरीला बहुमत मिळाले. त्या लढाईत जिंकलेल्या कंपनीने पाच वर्षांत आपला मूळ कारखाना विकायला काढला, आणि हरलेली दीपक फर्टिलायझर्स तळोज्याचा कारखाना चालवतेच आहे. खतासारख्या धंद्यात, जिथे विक्रीची किंमत सरकारच्या नजरेखाली असते आणि अनुदान केव्हा येईल याची खात्री नसते, तिथे कर्ज काढून दुसरी कंपनी घेणे किती जोखमीचे असते, याचा विचार व्यवस्थापनाने त्या वेळी करायला हवा होता. थेट लाभ हस्तांतर आणि दुष्काळ सगळ्यांच्याच वाट्याला आला. कोलमडली ती ज्यांच्या डोक्यावर आधीचे कर्ज होते तीच कंपनी.

आता दादरच्या ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कंपनी कायद्याच्या कलम 180 प्रमाणे कंपनीला आपला व्यवसायाचा मोठा भाग विकायचा असेल तर विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी विरोधातील मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने असावी लागतात. शिवाय सेबीच्या सूचीबद्धतेच्या नियमावलीतील 23 व्या नियमानुसार, संबंधित पक्षांमधला मोठा व्यवहार मंजूर करताना संबंधित पक्षांना बाजूने मत देता येत नाही. याचा सरळ अर्थ असा की अशा ठरावात आपल्यासारख्या लहान भागधारकांच्या मताला एरवी नसते तेवढे वजन येते. आणि आपल्यापैकी किती जण मत देतात? मतदानाची सूचना ईमेलवर येते, ती जाहिरातींच्या ढिगात पडते, आणि मुदत निघून जाते. ही सूचना ज्यांच्याकडे आली असेल किंवा येईल त्यांनी तिच्यासोबतचे स्पष्टीकरणात्मक निवेदन पूर्ण वाचावे. मूल्यांकन कोणी केले, कोणत्या पद्धतीने केले, कोणती देणी हस्तांतरित होणार आहेत, आणि आलेल्या पैशांचे कंपनी काय करणार आहे, हे त्यात शोधावे. वास्कोवाला यांचा जमिनीचा प्रश्नही तेथेच सुटेल. पटले तर बाजूने मत द्यावे, नाही पटले तर विरोधात द्यावे, परंतु मत द्यावे.

लाभांशवादी (9 मार्च 2021)

मत देण्याविषयी मी पूर्ण सहमत आहे आणि मी ते बाजूने देणार आहे. विरोधात मत देणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हा ठराव पडला तर पुढे काय? बँका आणखी थांबणार नाहीत. दिवाळखोरी संहितेखाली कंपनी गेली तर समभागधारकाच्या हाती बहुधा शून्य येते, हे आपण इतर कंपन्यांत पाहिलेले आहे. किंमत शंभर टक्के न्याय्य आहे की नाही याची चौकशी करीत बसण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. बुडणाऱ्या माणसाने दोराची जाडी मोजू नये.

ताळेबंद (9 मार्च 2021)

दिवाळखोरीपेक्षा ही विक्री बरी, हे मी नाकारलेले नाही. परंतु याच युक्तिवादावर उद्या कोणत्याही किमतीचे समर्थन करता येईल. 28 कोटी डॉलर योग्य असतील तर 20 कोटीही योग्य आणि 15 कोटीही योग्य, कारण पर्याय शून्याचाच. मूल्यांकनाचा अहवाल मागितल्याने व्यवहार मोडत नाही.

धागा व्यवस्थापक (10 मार्च 2021)

चर्चा उत्तम चालली आहे. येथे कोणालाही खरेदी किंवा विक्रीचा सल्ला देऊ नये आणि व्यक्तिगत टीका टाळावी, एवढीच विनंती.

दादरची वाचक (11 मार्च 2021)

सर्वांचे मनापासून आभार. मला प्रथमच या व्यवहाराची दिशा समजली. एक व्यावहारिक अडचण आहे. माझ्याकडील काही समभाग अजून कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात वडिलांच्याच नावावर आहेत. त्यांच्यावर मला मत देता येईल का?

ताळेबंद (11 मार्च 2021)

ताई, नोंदवहीत ज्याचे नाव असते त्यालाच मत देता येते, त्यामुळे आधी वारसाहक्काने नाव बदलून घ्यावे लागेल. 1 एप्रिल 2019 पासून कागदी समभागांची विक्री किंवा हस्तांतर बंद झाले असले, तरी वारसाने नाव लागण्याची सोय सुरू आहे. कंपनीच्या निबंधकाकडे मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि मूळ प्रमाणपत्रे घेऊन अर्ज करावा, आणि नाव लागताच डिमॅट करून घ्यावे.

कृष्णाकाठ (21 मे 2021)

धागा पुन्हा वर काढतो आहे, कारण कालपासून या धंद्याचे गणित बदलले आहे आणि समभाग बाळगणाऱ्यांनी ते समजून घ्यावे.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत सरकारने बांधलेली असते, ती आमच्याकडे 266 रुपये 50 पैसे आहे. डीएपी आणि मिश्रखतांना मात्र 2010 पासून पोषणद्रव्यावर आधारित अनुदान मिळते, म्हणजे गोणीत नत्र, स्फुरद आणि पालाश किती किलो आहे त्यावर ठरलेल्या दराने. डीएपीच्या, म्हणजे अठरा-शेचाळीसच्या, 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते. नत्राला किलोला 18.789 रुपये आणि स्फुरदाला 14.888 रुपये असा दर होता, म्हणजे गोणीमागे सुमारे 511 रुपये. गेल्या काही महिन्यांत परदेशात फॉस्फरिक आम्ल आणि अमोनिया महागले, आणि एप्रिलमध्ये गोणीची किंमत एकदम 1,900 रुपये जाहीर झाली. आमच्या दुकानात शेतकऱ्यांनी जुना साठा आहे का, हे विचारायला रांग लावली. आता सरकारने स्फुरदाचा दर किलोला 45.323 रुपये केला. 23 किलोंचे 1,042 रुपये आणि नत्राचे 169 रुपये मिळून गोणीमागे अनुदान 1,211 रुपये झाले आणि शेतकऱ्याला गोणी 1,200 रुपयांतच मिळणार आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. कंपनीच्या दृष्टीने पाहिले तर गोणीच्या किमतीतला निम्म्याहून अधिक पैसा आता सरकारकडून येणार आहे, आणि तो अंगठा लागल्यानंतर येणार आहे. खेळत्या भांडवलाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, हे विसरू नये.

लाभांशवादी (21 मे 2021)

कृष्णाकाठ साहेब, इतक्या स्पष्टपणे हे कोणी लिहिलेले मी वाचले नव्हते. परंतु सरकार आता थकबाकी ठेवत नाही, हे या वर्षीचे चित्र आहे. पैसे वेळेवर येणार असतील तर अनुदानाचा वाटा वाढल्याने बिघडत नाही, उलट विक्री टिकून राहते. पारादीपसारख्या कंपनीला याचा सर्वाधिक लाभ होईल, कारण तिच्या भागीदाराकडेच, म्हणजे ओसीपीकडे, जगातील मोठे फॉस्फेटचे साठे आहेत. इतरांना कच्चा माल मिळवताना धावाधाव करावी लागेल तेव्हा पारादीपची भट्टी थंड होणार नाही.

ताळेबंद (22 मे 2021)

या वर्षी पैसे वेळेवर येत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. अर्थसंकल्प ताणला जातो तेव्हा सर्वांत आधी खताचे अनुदान लांबणीवर पडते, असा मागील अनेक वर्षांचा अनुभव आहे. ओसीपीबद्दल एवढेच म्हणतो की कच्चा माल विकणारा आणि भागीदार एकच असेल, तर तो माल कोणत्या भावाने येतो हेही भागधारकाने पाहावे.

वास्कोवाला (4 जून 2022)

वर्षभराने लिहितो आहे. 1 जूनला कारखान्याचे हस्तांतर पूर्ण झाले आणि फलकावरचे नाव बदलण्याचे काम सुरू आहे. कामगारांची नोकरी नव्या कंपनीत चालू राहिली, याचे आम्हाला समाधान आहे.

त्याआधी मे महिन्यात पारादीपची प्राथमिक समभागविक्री झाली. 42 रुपयांना समभाग दिले गेले आणि 27 मेला बाजारात नोंदणी झाली. केंद्र सरकारने आपला सगळा हिस्सा विकला. नव्या समभागांतून आलेल्या पैशांतला एक भाग गोव्याचा कारखाना घेण्यासाठीच राखून ठेवलेला होता. ताळेबंद साहेब, यावर आपले मत वाचायला आवडेल.

ताळेबंद (5 जून 2022)

या निमित्ताने एक गोष्ट स्वच्छ झाली, ती म्हणजे पारादीपला आता बाजारभाव आहे. पूर्वी आपण तिच्या मूल्याचा अंदाज बांधत होतो, आता रोज संध्याकाळी आकडा दिसेल. लाभांशवादी यांच्या 40 टक्क्यांचे काय झाले, तेही पाहावे. नवे समभाग निघाल्यावर झुआरी मारॉकचा हिस्सा 56 टक्क्यांच्या आसपास आला, त्यातला निम्मा आपला, म्हणजे 28 टक्के. पारादीपचे एकूण समभाग साधारण 81 कोटी, तेव्हा आपल्या वाट्याला सुमारे 22.8 कोटी येतात. त्याला आपल्या 4.2 कोटी समभागांनी भागले की झुआरीच्या एका समभागामागे पारादीपचे 5.4 समभाग होतात. विक्रीच्या 42 रुपये भावाने त्यांची किंमत 225 रुपयांच्या पुढे जाते, आणि मंगलोर केमिकल्सचे दीड समभाग आणखी. झुआरीचा बाजारभाव यापेक्षा पुष्कळ खाली आहे. 2021 मध्ये मी ज्या अंतराबद्दल लिहिले होते ते हेच.

लाभांशवादी (5 जून 2022)

आपल्याच आकड्यांवरून समभाग किती स्वस्त आहे हे सिद्ध होते! खरीप 2022 साठी डीएपीच्या गोणीमागचे अनुदान 2,501 रुपये झाले आहे. युक्रेनच्या युद्धामुळे जगभर खताची टंचाई आहे आणि गोव्याचा कारखाना नव्या हातांत चालू झाला आहे. मी माझे समभाग विकणार नाही.

ताळेबंद (5 जून 2022)

आपण विकू नयेत, असे मी म्हटलेलेच नाही. स्वस्त आहे, हे मलाही दिसते. ते अंतर कोण मिटवणार, एवढेच मी विचारतो आहे. पारादीपचे समभाग आपल्यापासून दोन पायऱ्या दूर आहेत. पारादीपने लाभांश दिला तर तो झुआरी मारॉककडे जाईल, तेथून निम्मा आपल्या कंपनीकडे येईल, आणि आपल्या कंपनीच्या संचालकांनी ठरवले तरच आपल्यापर्यंत येईल. मधल्या प्रत्येक पायरीवर तो पैसा समूहातील दुसऱ्या कंपनीला ठेव म्हणून जाऊ शकतो, कर्जफेडीत जाऊ शकतो, नव्या खरेदीत जाऊ शकतो. 2014 चा अनुभव लक्षात घेता मला नव्या खरेदीची सर्वांत जास्त काळजी वाटते.

दादरची वाचक (7 जून 2022)

सर्वांना नमस्कार. माझे समभाग आता माझ्या नावावर डिमॅट खात्यात आले आहेत आणि वार्षिक सभेला दृक्श्राव्य माध्यमातून उपस्थित राहता येते, असे समजले. वक्ता म्हणून आधी नाव नोंदवले तर प्रश्नही विचारता येतो. वरील चर्चेवरून मी पुढील प्रश्न तयार केला आहे, त्यात काही सुधारणा हवी असल्यास सांगावे:

‘गोव्यातील कारखान्याच्या विक्रीतून प्रत्यक्ष रोख किती रक्कम मिळाली, त्यातून कोणती कर्जे फेडली आणि किती शिल्लक आहे? मंगलोर केमिकल्सच्या समभागांपैकी किती तारण आहेत आणि ते केव्हा मोकळे होतील? समूहातील इतर कंपन्यांना दिलेल्या ठेवी व कर्जे किती आहेत आणि त्यांवर व्याज मिळते आहे का? झुआरी मारॉककडून येणाऱ्या लाभांशाचा किती भाग भागधारकांना देण्याचे संचालकांचे धोरण आहे?’

लाभांशवादी (7 जून 2022)

ताई, प्रश्न उत्तम आहे. एकच भर घालावी: पारादीपमधील अप्रत्यक्ष हिस्सा थेट भागधारकांना वाटून देण्याचा विचार संचालक मंडळ करणार आहे का, आणि नसेल तर का नाही. मीही वक्ता म्हणून नाव नोंदवतो, म्हणजे आपल्याला वेळ कमी पडला तर उरलेला भाग मी विचारेन.

ताळेबंद (7 जून 2022)

लाभांशवादी यांची भर योग्य आहे. फक्त ठेवींचा प्रश्न पहिला घ्यावा, कारण सभेत प्रत्येकाला फार तर दोन-तीन मिनिटे मिळतात आणि शेवटचा प्रश्न बहुधा राहून जातो. प्रश्न सभेच्या आधी कंपनी सचिवांना ईमेलनेही पाठवावेत, म्हणजे आकडे हाताशी नव्हते असे उत्तर येणार नाही.

कृष्णाकाठ (8 जून 2022)

माझ्याकडे समभाग नाहीत, त्यामुळे सभेत मला बोलता येणार नाही. परंतु कोणीतरी माझ्या वतीने एवढे विचारावे की या खरिपात दहा-सव्वीस-सव्वीसचा रेक सांगली आणि कोल्हापूरला केव्हा लागणार आहे. त्याचे उत्तर पारादीपने द्यायचे असले, तरी तुमच्या 28 टक्क्यांचे मोल शेवटी त्यावरच ठरणार आहे.